चुंबकीय वादळांचा नोंदकार : नानाभाई मूस

जळगाव-धुळ्याच्या उत्तरेला तापी आहे आणि तापीपलीकडे सातपुडा. उन्हाळ्याच्या रात्री या क्षितिजावर लाल पट्टा दिसलाच, तर तो डोंगरातल्या वणव्याचा असतो. ध्रुवीय प्रकाश पाहण्याची आणि त्याचे छायाचित्र घेण्याची हौस असलेल्याला थेट नॉर्वे किंवा आइसलँड गाठावे लागते आणि तिथेही ढगांची मर्जी सांभाळत रात्रीमागून रात्री काढाव्या लागतात. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरची तांबडी आभा टिपली, तेव्हा ती देशभर मोठी बातमी ठरली होती. मात्र हा प्रकाश ज्या वादळांतून जन्माला येतो, ती वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीडशेहून अधिक वर्षे निमूटपणे टिपली जात आहेत. आधी मुंबईच्या कुलाब्यात आणि नंतर अलिबागेत. ही परंपरा अत्यंत नाजूक वळणावर ज्यांनी तुटू दिली नाही, ते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते.

मूस यांचा जन्म १८५९ सालचा. भूचुंबकत्वाच्या इतिहासात या सालाला फार महत्त्व आहे. त्या वर्षी १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाने सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना त्या डागांच्या समूहात अचानक लखलखाट झालेला पाहिला. पुढच्या अवघ्या काही तासांत पृथ्वीभर चुंबकसुया थरथरू लागल्या, तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या आणि एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत खाली उतरला. त्या वेळी कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेली वेधशाळा होती आणि तिथले निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून चुंबकाची स्थिती हाताने लिहून काढत होते. एरवी दर तासाला होणारे वाचन खळबळ सुरू होताच काही मिनिटांवर येई. याच वेधशाळेत त्याआधीच्या पिढीत आपले केरूनाना छत्रे यांनी उमेदवारीची वर्षे काढली होती, हेही मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मूस लहान असतानाच, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री, असेच आणखी एक प्रचंड वादळ आले. त्या रात्री ध्रुवीय प्रकाश खुद्द मुंबईतून दिसला. मुंबई आणि एडन यांना जोडणाऱ्या समुद्रातल्या तारेवरील संदेशांची वाहतूक कित्येक तास विस्कळीत झाली. मुंबईच्या आकाशात हा प्रकाश दिसला असेल, तर अक्षांशाने दोन अंश उत्तरेला असलेल्या खानदेशात, आकाश निरभ्र असल्यास, तो क्षितिजापासून आणखी थोडा वर दिसायला हवा. असा योग मात्र शतकात एखाददुसऱ्या वेळीच येतो. त्याच्या भरवशावर शास्त्र उभे राहत नाही.

शास्त्र उभे राहिले ते सुईवर. ध्रुवीय प्रकाश आकाशात नाचू लागला की होकायंत्राची सुईही अस्वस्थ होते, हे स्वीडनमध्ये १७४१ मध्येच लक्षात आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एडवर्ड सबाइन यांनी दाखवून दिले, की सुईची ही अस्वस्थता सौरडागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रासोबत वाढते आणि ओसरते. तरीही सूर्य इतक्या दुरून पृथ्वीवरची सुई हलवतो कशी, हे कोणालाच उमगत नव्हते. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या दिग्गजाने १८९२ मध्ये हिशेब मांडून असा संबंध जवळजवळ अशक्य ठरवला. आज तो हिशेब चुकीच्या गृहीतकावर उभा होता हे शाळकरी मुलालाही सांगता येते. पण त्या काळी केल्व्हिन यांच्या शब्दापुढे जाणे सोपे नव्हते. वाद मिटायचा तर त्याला एकच मार्ग होता, तो म्हणजे अनेक सौरचक्रांवर पसरलेली, एकाच पद्धतीने घेतलेली, खंड न पडलेली नोंद. अशी नोंद जगात मोजक्याच ठिकाणी होती आणि कुलाबा हे त्यांपैकी एक होते.

एडिंबरो येथे शिक्षण घेतलेले मूस तेथील रॉयल सोसायटीचेही सदस्य झाले. स्कॉटलंडच्या उत्तर आकाशात ध्रुवीय प्रकाश अधूनमधून दिसतो. कुलाब्याच्या आकाशात त्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये वेधशाळेची सूत्रे मूस यांच्याकडे आली. तोवर या जागेवर इंग्रज अधिकारीच असत. शिवाय मुंबईत प्लेग शिरला तोही याच वर्षी. शहरातून माणसे गावोगावी पळत होती आणि वेधशाळेचे काम असे, की ते एक दिवसही थांबवून चालत नव्हते.

हे काम कसे चाले, हे समजून घेतल्याशिवाय मूस यांच्या पुढील लढाईचे मोल कळणार नाही. कुलाब्यात १८७० च्या दशकापासून हाताने लिहिण्याची जागा छायाचित्रणाने घेतली होती. अंधाऱ्या खोलीत अगदी हलके टांगलेले चुंबक, त्याला जोडलेला इवलासा आरसा, समोर दिवा. दिव्याचा किरण आरशावरून परावर्तित होऊन घड्याळाच्या यंत्राने संथ फिरणाऱ्या नळकांड्यावर पडे. नळकांड्यावर प्रकाशाला संवेदनशील कागद गुंडाळलेला असे. चुंबक स्थिर असेल तर कागदावर जवळजवळ सरळ रेघ उमटे, वादळ आले की तीच रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येई. रोज कागद बदलायचा, धुवायचा, वाळवायचा, त्यावरची रेघ तासातासाला मोजायची आणि आकडे वहीत उतरवायचे. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना केलेली बरी! वेगळ्या अर्थाने तेही ध्रुवीय प्रकाशाचेच छायाचित्रण होते.

प्रत्यक्ष प्रकाशाचे छायाचित्रही तेव्हा नवलाईचेच होते. ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र उत्तर नॉर्वेत मार्टिन ब्रेंडेल या जर्मन संशोधकाने १८९२ च्या जानेवारीत घेतले. आपल्याकडे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे छायाचित्र घ्यायला त्यांच्या हाती जेमतेम दोन मिनिटे होती. मूस यांच्या कामात असा थरार नव्हता.

संकट आले ते ट्रामच्या रूपाने. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसावे शतक उजाडताना त्या विजेवर चालवण्याचा बेत ठरला. शहराला ते हवेच होते. पण विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना काही प्रमाणात जमिनीत झिरपतो, आणि त्याने निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक सुईला सूर्याच्या वादळाइतकेच खरे वाटते. म्हणजे ट्राम सुरू झाली, की कुलाब्याच्या कागदावर सूर्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक उमटू लागणार! लंडनजवळच्या क्यू वेधशाळेलाही अशाच ट्रामचा उपद्रव सोसावा लागला होता.

वेधशाळा दुसरीकडे हलवावी, असे ठरले. वरकरणी हा सोपा तोडगा होता. परंतु जागा बदलली की मूळ चुंबकीय मूल्येच बदलतात. त्यातून आपला प्रदेश काळ्या कातळाचा. खानदेशापासून कोकणापर्यंत पसरलेल्या या बसाल्टमध्ये लोहाचे चुंबकीय खनिज असते आणि दोन शेतांच्या अंतरावरही सुई वेगळे बोलू शकते. कुलाब्याचे आकडे संपले आणि नव्या जागेचे सुरू झाले, असे झाले असते तर सहा दशकांची मालिका तिथेच मोडली असती. मग मागचे आकडे पुराभिलेखाच्या कपाटात आणि पुढचे नव्या वहीत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, अशी गत झाली असती.

मुंबईच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड झाली. रेल्वे नाही, ट्राम नाही, आणि तरीही मुंबईहून देखरेख ठेवता येईल इतके जवळ. तेथे मूस यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली इमारत पाहण्यासारखी आहे. भिंतींसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड समुद्रमार्गे आणला गेला. खिळे, बिजागऱ्या, कड्या यांत लोखंड वर्ज्य, त्याऐवजी तांबे आणि पितळ. तापमानातील चढउतारांनी चुंबकाचे वाचन बिघडू नये म्हणून आतल्या खोलीभोवती दुसरी बंदिस्त रचना. पण खरी दूरदृष्टी दगडात नव्हती. १९०४ ते १९०६ या काळात मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्ही ठिकाणची नोंद एकाच वेळी चालू ठेवली. दोन ठिकाणच्या रेघांमधला फरक त्यामुळे नेमका कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता आली. कुलाब्यातील चुंबकीय नोंद १९०६ मध्ये थांबली. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. शहराला ट्राम मिळाली आणि शास्त्राची मालिकाही वाचली. असे आपल्याकडे क्वचितच घडते.

ही जोडणी चालू असतानाच मूस दुसऱ्या एका कामात गढलेले होते. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी तपासून, एकत्र मांडून त्यांनी १९१० मध्ये दोन जाडजूड भागांत प्रसिद्ध केल्या. त्यात नुसते तक्ते नाहीत, त्यांची चर्चाही आहे. एकेका वादळाची रेघ पाहिली तर ती अगदी बेशिस्त दिसते. मूस यांनी अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली, आणि त्या गोंधळातून एक ठरावीक आकार बाहेर आला. वादळाच्या आरंभी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर क्षणभर वाढतो, मग काही तासांत तो खोल घसरतो आणि त्यानंतर दिवसेंदिवस सावकाश पूर्वपदावर येतो. आज हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. सिडनी चॅपमन यांनी पुढच्या दशकात चुंबकीय वादळांचा सिद्धान्त मांडला, त्याआधी हा आकार मुंबईच्या आकड्यांतून दिसलेला होता. योगायोग असा, की त्याच १९१० मध्ये कार्ल श्टेर्मर उत्तर नॉर्वेच्या थंडीत दोन जागांहून एकाच वेळी ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेऊन त्याची उंची मोजत होते. ती साधारण शंभर किलोमीटर निघाली.

ध्रुवापासून इतक्या दूरच्या मुंबईत हे का दिसावे? सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला, की काही कण ध्रुवांजवळ वातावरणात शिरून प्रकाश निर्माण करतात. बाकीचे कण पृथ्वीच्या मध्याभोवती कड्यासारखे फिरत मोठा विद्युतप्रवाह तयार करतात. या प्रवाहामुळे आडवा जोर घटतो. ध्रुवाजवळच्या सुईवर तिथल्याच प्रवाहांचा इतका कल्लोळ असतो, की हे मोठे कडे त्यात हरवून जाते. अगदी विषुववृत्तावर वेगळा गोंगाट असतो. दोन्हींपासून अंतर राखून असलेल्या मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात वादळाची तीव्रता स्वच्छ मोजता येते. जिथून ध्रुवीय प्रकाश सहसा दिसत नाही, तिथून त्याच्यामागचे वादळ अधिक नीट दिसते.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. कुलाबा आणि अलिबागच्या वारशावर १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय पुढे नवी मुंबईजवळ नवीन पनवेल येथे हलले. या संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २००३ मधील एका शोधनिबंधात कुलाब्याची १८५९ ची हस्तलिखित नोंद पुन्हा बाहेर काढण्यात आली, आणि आडवा जोर त्या दिवशी तब्बल १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला होता हे जगासमोर आले. या आकड्याच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले, पण त्या वादळाचा माग घेताना कुलाब्याच्या नोंदीला वळसा घालून कोणालाच जाता आले नाही. मूस यांच्या कारकिर्दीतील ३१ ऑक्टोबर १९०३ च्या वादळाची तीव्रता अलीकडे ठरवण्यात आली, तेव्हा जगातील ज्या चार ठिकाणांच्या नोंदी कामी आल्या त्यांत कुलाबा होते. १८७२ च्या वादळाचा २०२३ मध्ये नव्याने हिशेब झाला, त्यातही मुंबईची नोंद होती.

अलिबागचे काम आजही चालू आहे. छायाचित्रणाच्या कागदाची जागा आता संगणकाने घेतली आहे. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री हानलेच्या कॅमेऱ्यात तांबडी आभा उमटत होती, तेव्हा अलिबागच्या उपकरणांत आडवा जोर घसरत होता आणि नोंद होत होती.