रुग्णाला बदलू न पाहणारा डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली गोष्ट. जर्मनीत नुकताच व्यवसाय सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरच्या हाती एक पत्र पडले. ते लिहिणारा लष्करी अधिकारी त्याचा रुग्ण होता. खोल नैराश्यावर त्याचे उपचार सुरू होते. घरच्यांच्या आग्रहामुळे तो लग्नाला उभा राहिला आणि लग्नाच्या आदल्या रात्री त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. आपले मन पुरुषांकडेच ओढ घेते, हे आईवडिलांना सांगण्याचे धैर्य त्याला कधीच झाले नव्हते. आपली कहाणी डॉक्टरांनी जगापुढे मांडावी, एवढीच त्याची अखेरची विनंती होती. त्या डॉक्टरचे नाव माग्नुस हिर्शफेल्ड. ती विनंती पुरी करण्यात त्यांचे उरलेले सारे आयुष्य गेले.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबेर्ग या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील नावाजलेले डॉक्टर होते. मुलाने आधी भाषाशास्त्राकडे पाऊल टाकले, मग वडिलांचाच मार्ग धरला आणि १८९२ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाची पदवी मिळवली. काही काळ माग्डेबुर्ग येथे काढून १८९६ मध्ये ते बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गमध्ये स्थायिक झाले.

त्या काळच्या जर्मनीत दंडसंहितेचे १७५ वे कलम पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. हे कलम १८७१ चे. आपल्याकडच्या भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलम त्याच्याहून अकरा वर्षांनी जुने. कलमाचा धाक दाखवून पैसे उकळणाऱ्यांचा बर्लिनमध्ये एक धंदाच झाला होता. कायद्याच्या हातून सुटला तो वैद्यकाच्या हाती सापडे. त्या काळचे मानसोपचार अशा माणसाला घराण्याच्या ऱ्हासाचे लक्षण मानत. संमोहनाच्या बैठका आणि त्यांच्या जोडीला वेश्यागृहाच्या फेऱ्या, असा उपचार नामांकित तज्ज्ञ सांगत आणि रुग्ण सुधारल्याचे अहवाल छापत. त्या सुधारणेचा हिशेब नीट कोणी मागत नसे.

हिर्शफेल्ड यांनी १८९६ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. समलिंगी ओढ ही निसर्गदत्त असते, ती ना पाप ना रोग, हे तिचे सूत्र. १५ मे १८९७ रोजी त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह वैज्ञानिक-मानवतावादी समितीची स्थापना केली. या प्रश्नासाठी संघटितपणे उभी राहिलेली जगातील ही पहिली संस्था मानली जाते. विज्ञानाच्या वाटेने न्यायाकडे, हे तिचे ब्रीद. १७५ वे कलम रद्द करावे, असा अर्ज समितीने तयार केला. समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांनी १८९८ मध्ये जर्मन संसदेत त्याची बाजू मांडली. पुढील काळात त्यावर हजारो मान्यवरांच्या सह्या झाल्या. त्यांत आल्बर्ट आइन्स्टाइन, टोमास मान, हेरमान हेसे यांचाही समावेश होता. संसदेने मात्र दाद दिली नाही. अशा व्यक्ती समाजात किती, याचा अंदाज घेण्यासाठी हिर्शफेल्ड यांनी विद्यार्थी आणि कामगारांना प्रश्नपत्रिका पाठवल्या, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी बदनामीची तक्रार केली आणि १९०४ मध्ये न्यायालयाने त्यांनाच २०० मार्कांचा दंड ठोठावला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अडचणीचे प्रकरण १९०७ चे आहे आणि ते चरित्रकाराला टाळता येत नाही. सम्राट कैसर विल्हेल्म यांच्या निकटच्या वर्तुळातील काही बड्या मंडळींवर माक्सिमिलियान हार्डेन या पत्रकाराने समलिंगी असल्याचा आरोप केला. बर्लिनचे लष्करी अधिपती कुनो फॉन मोल्टके यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून हिर्शफेल्ड न्यायालयात उभे राहिले आणि मोल्टके यांची प्रकृती समलिंगी असल्याचे त्यांनी सांगितले. खुद्द मोल्टके यांना ते अमान्य होते. साक्षीचा मुख्य आधार होता घटस्फोटित पत्नीचे कथन. ही प्रकृती निर्दोष आहे हे भर न्यायालयात सांगण्याची संधी त्यांना त्यात दिसली असावी. पण ज्याने विचारले नाही त्याचे गुपित चव्हाट्यावर आणणे हे डॉक्टरचे काम नव्हे. निकाल रद्द होऊन खटला पुन्हा चालला, तेव्हा हिर्शफेल्ड यांना आपले मत मागे घ्यावे लागले. समितीच्या देणग्या आटल्या आणि त्यांच्या ज्यू असण्यावरून गलिच्छ प्रचाराला ऊत आला. सारे आयुष्य रुग्णांच्या गोपनीयतेसाठी झटलेल्या माणसाची ही चूक त्याच्या कार्याइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी स्वतःच्या समलिंगी असण्याचा उच्चार मात्र जाहीरपणे कधी केला नाही.

हिर्शफेल्ड यांचा मूळ विचार साधा होता. शंभर टक्के पुरुष किंवा शंभर टक्के स्त्री ही केवळ कल्पना. प्रत्यक्षातला प्रत्येक माणूस या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. शरीराची ठेवण, आवाज, स्वभाव, ओढ अशा गुणविशेषांचे त्यांनी सोळा घटक पाडले, प्रत्येकाच्या तीन शक्यता धरल्या आणि माणसाचे ४,३०,४६,७२१ प्रकार संभवतात, असा हिशेब मांडला. जगाची लोकसंख्या तेव्हा दोन अब्जांहूनही कमी होती. गणित थोडे गमतीचे वाटेल, पण त्यामागचा रोख गंभीर होता. जिथे प्रकारच कोट्यवधी, तिथे कोणा एकाला विकृत म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

हा हिशेब आला १९१० च्या त्यांच्या ग्रंथात. जन्माने मिळालेल्या लिंगाचा वेश ज्यांना परका वाटतो, अशा सतरा व्यक्तींची वृत्ते त्यात होती. वेशाची ही गरज आणि समलिंगी ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी प्रथमच स्पष्ट केले. अशा व्यक्ती रस्त्यावर दिसल्या की पोलीस त्यांना सार्वजनिक शांततेचा भंग म्हणून पकडत. हिर्शफेल्ड त्यांची तपासणी करून दाखले देऊ लागले आणि त्यांच्या आधारे बर्लिनचे पोलीस परवानापत्र देऊ लागले. दाखला आणि शिक्का असलेला हा कागद खिशात असला, की माणूस आपल्या मनाजोग्या कपड्यांत निर्धास्तपणे कामावर जाऊ शके. औषधाच्या कोणत्याही बाटलीने झाला नसता एवढा गुण त्या कागदाने दिला.

समलिंगी रुग्णांसाठी त्यांनी जी पद्धत आखली, तिला ते जुळवून घेण्याचा उपचार म्हणत. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हजाराहून अधिक पानांच्या ग्रंथात तिचे विवेचन आहे. आरंभ ऐकण्याने होई. शंभराहून अधिक प्रश्नांची एक प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरायची. बालपणापासूनचे आयुष्य सलग मांडताना अनेकांना आपली सुसंगती प्रथमच दिसे. मग, तुमच्यात बिघाड नाही, हे डॉक्टरने शांतपणे आणि पुराव्यानिशी सांगायचे. त्यानंतर एकटेपणावर उपाय. आपल्यासारखे दुसरे कोणी नाही, या समजुतीने पिचलेल्या माणसाची त्याच्यासारख्याच, पण समाधानाने जगणाऱ्या माणसांशी ओळख करून द्यायची. त्याला मनाजोगते काम मिळेल असे पाहायचे. रुग्णाची संमती असेल तर कुटुंबीयांशी बोलायचे. केवळ इलाज म्हणून लग्न लावून देण्यास त्यांचा सक्त विरोध होता. त्यात एकाऐवजी दोघांची आयुष्ये जातात, हे त्यांनी पाहिले होते. निद्रानाश, नैराश्य, आत्महत्येचे विचार यांवर उपचार होत, ओढीवर नाही. आज मानसोपचाराच्या शिक्षणात जिला स्वीकारशील उपचारपद्धती म्हणून शिकवले जाते, तिचा हा गाभा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

६ जुलै १९१९ रोजी बर्लिनच्या टियरगार्टेन भागातील एका प्रशस्त वाड्यात लैंगिक विज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले. मनोविकारतज्ज्ञ आर्थुर क्रोनफेल्ड हे तिच्या स्थापनेतले सहकारी. तिथे दवाखाना होता, ग्रंथालय होते, विवाहसल्ला केंद्र होते आणि गरिबांना विनामूल्य सल्ला मिळे. प्रश्नोत्तरांच्या संध्याकाळी नाव न लिहिता चिठ्ठी पेटीत टाकावी आणि उत्तर सर्वांसमक्ष ऐकावे, अशी सोय होती. हिर्शफेल्ड यांचे जीवनसाथी कार्ल गीझे संस्थेचे संग्रह सांभाळत. शेतकरी कुटुंबात मुलगा म्हणून जन्मलेली डोरा रिष्टर याच संस्थेत आली. तिला घरकामाची नोकरी मिळाली आणि १९३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया होऊन तिचे शरीर स्त्रीचे झाले. अशा रुग्णांना दुसरीकडे काम मिळत नसे, म्हणून संस्थेनेच काहींना कामावर ठेवले होते.

सगळेच निर्मळ होते असे नाही. ग्रंथींचे रोपण करून ओढ बदलता येईल, या ऑयगेन स्टाइनाख यांच्या दाव्याने काही काळ तेही भारावले होते आणि ज्यांनी तशी इच्छा धरली अशा रुग्णांवर या शस्त्रक्रिया झाल्याही. त्या फोल ठरल्या. वंशसुधारणेच्या तत्कालीन कल्पनांचाही त्यांच्यावर पगडा होता. रुग्णाला न बदलण्याचा आग्रह धरणाऱ्या डॉक्टरलाही बदलाचा मोह पडला, ही नोंद करणे भाग आहे.

१९१९ मध्येच रिचर्ड ओस्वाल्ड यांच्या एका चित्रपटात हिर्शफेल्ड डॉक्टरच्या भूमिकेत पडद्यावर आले. समलिंगी नायकाची शोकांतिका दाखवणाऱ्या या चित्रपटावर पुढच्याच वर्षी बंदी आली. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये म्युनिक येथे व्याख्यानानंतर टोळक्याने त्यांना बेदम मारहाण केली. वृत्तपत्रांनी ते मरण पावल्याचे छापले आणि जिवंतपणी स्वतःचे मृत्युलेख वाचण्याचा योग त्यांना आला. १९२९ मध्ये संसदेच्या एका समितीने १७५ वे कलम वगळण्याच्या बाजूने मत दिले, पण तो निर्णय कायद्यात उतरला नाही. जर्मनीचे वारे फिरले होते.

१९३० च्या अखेरीस हिर्शफेल्ड जगप्रवासाला निघाले. अमेरिका, जपान, चीन असे करत १९३१ मध्ये ते भारतात आले. कलकत्ता, दार्जिलिंग, बनारस, अलाहाबाद, दिल्ली, मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. अलाहाबादेत जवाहरलाल नेहरूंशी त्यांची भेट झाली. भारतीय समाजाची निंदा करणाऱ्या कॅथरिन मेयो यांच्या पुस्तकाचा त्यांनी प्रतिवाद केला आणि स्वातंत्र्याच्या मागणीला पाठिंबा दिला. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे हे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नालाही, उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बर्लिनमधला दंड २०० मार्कांचा, मुंबईतला २०० रुपयांचा.

हिर्शफेल्ड १९३२ मध्ये युरोपात परतले. जर्मनीत पाऊल टाकणे धोक्याचे झाले होते. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांचा जथा बँडच्या तालावर संस्थेवर चालून गेला. चार दिवसांनी ऑपेरा चौकातील होळीत तिथले हजारो ग्रंथ जळाले. काठीवर मिरवत आणलेला हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळाही आगीत फेकण्यात आला. हे दृश्य त्यांनी पॅरिसच्या एका चित्रपटगृहात वृत्तचित्रात पाहिले. १४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. कार्ल गीझे यांनी १९३८ मध्ये आत्महत्या केली. डोरा रिष्टर संस्थेवरील हल्ल्यात मारली गेली, असे दीर्घकाळ मानले जात होते. अलीकडच्या संशोधनातून मात्र ती १९६६ पर्यंत जगली, असे निष्पन्न झाले आहे.

नाझी राजवटीने १९३५ मध्ये १७५ वे कलम अधिक कठोर केले. पश्चिम जर्मनीत ते १९६९ मध्ये सैल झाले आणि १९९४ मध्ये पूर्णतः रद्द झाले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९९० मध्ये वगळले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ३७७ व्या कलमाच्या कक्षेतून बाहेर काढले. ओढ बदलण्याचा दावा करणारे उपचार हे डॉक्टरांच्या दृष्टीने व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे भारतातील वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले.

शांघायमध्ये हिर्शफेल्ड यांना भेटलेला आणि पुढील प्रवासात त्यांच्या सोबत राहिलेला ली शिऊ तोंग हा वैद्यकाचा विद्यार्थी १९९३ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे वारला. त्याच्या खोलीतले सामान कचऱ्यात टाकले जात असताना त्याच इमारतीतील एका रहिवाशाने त्यातून एक बॅग उचलून ठेवली. त्या बॅगेत हिर्शफेल्ड यांची हस्तलिखित वही होती आणि मृत्यूनंतर त्यांच्या चेहऱ्यावरून घेतलेला साचा.