जॉन पोस्टेल

जॉनथन ब्रूस पोस्टेल (जन्म : आल्टाडेना, कॅलिफोर्निया, ६ ऑगस्ट १९४३, मृत्यू : लॉस एंजेलस, १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील पत्ते, पोर्ट क्रमांक आणि डोमेन नावे यांचे वाटप व नोंदी त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे सांभाळल्या. संगणकावर लिनक्स, बीएसडी यांसारखी युनिक्सच्या वळणाची ऑपरेटिंग सिस्टिम बसवून तिचा नेटवर्क इंटरफेस कार्यान्वित करताना जे आकडे लिहावे लागतात, त्यांपैकी बऱ्याच आकड्यांचा उगम पोस्टेल यांच्या नोंदींत सापडतो.

शिक्षण

पोस्टेल यांचे शालेय शिक्षण लॉस एंजेलसमधील व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये झाले. इंटरनेटच्या इतिहासात पुढे नाव मिळवणारे विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस शाखेतून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. १९६९ मध्ये अर्पानेट या जाळ्याचे पहिले केंद्र याच विद्यापीठात सुरू झाले, तेव्हा ते काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटात ते होते. जाळ्याविषयीच्या सूचना व प्रस्ताव क्रमांकित टिपणांच्या रूपाने प्रसृत करण्याची प्रथा क्रॉकर यांनी त्या वर्षी पाडली. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे आरएफसी, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले. हस्तलिखित तपासणे, संदिग्ध वाक्य लेखकाकडे परत पाठवणे, क्रमांक देणे हे काम वरकरणी कारकुनी वाटते. परंतु निरनिराळ्या देशांतील अभियंते एकच मजकूर वाचून एकमेकांशी जुळणारी यंत्रणा उभारू शकले, ते या चोख संपादनामुळेच.

क्रमांकांची नोंद

एका संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालतात. आलेला निरोप त्यांपैकी कोणासाठी आहे, हे ओळखण्यासाठी प्रत्येक सेवेला ठरावीक क्रमांक हवा. हे क्रमांक कोणीतरी एकाने वाटावेत, अशी सूचना पोस्टेल यांनी मे १९७२ मधील टिपणात केली आणि ते काम स्वतःकडेच घेतले. १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत गेले, तेव्हा ही जबाबदारीही त्यांच्याबरोबर तेथे गेली. या कामात जॉयस रेनॉल्ड्स या त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी होत्या. पुढे या व्यवस्थेला 'इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी' (आयएएनए) असे भारदस्त नाव मिळाले, पण प्रत्यक्षात ती म्हणजे पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी एवढीच होती.

युनिक्स प्रणालीतील 'ईटीसी' निर्देशिकेत 'सर्व्हिसेस' नावाची फाइल असते. फाइल-हस्तांतरणासाठी २१, टेलनेटसाठी २३, टपालासाठी २५, नावांच्या शोधासाठी ५३ अशी तिच्यातील जुनी नोंद याच यादीवर आधारलेली आहे. क्रमांक मिळवण्यासाठी शुल्क वा लांबलचक अर्ज नव्हता. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी आपल्या नव्या सुरक्षित सेवेसाठी पत्र पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांच्याकडून त्यांना २२ हा क्रमांक मिळाला. दूरच्या लिनक्स संगणकात प्रवेश करताना आजही तोच वापरला जातो.

प्रोटोकॉलची घडण

आरंभी टीसीपी हा एकच प्रोटोकॉल होता. निरोपाचे तुकडे योग्य संगणकापर्यंत पोहोचवणे आणि ते क्रमाने, बिनचूक जुळवणे ही दोन्ही कामे त्याच्यावर होती. ही सरमिसळ चुकीची असल्याचे पोस्टेल यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये लेखी मांडले. सर्फ, डॅनी कोहेन आणि ते यांच्या विचारविनिमयातून १९७८ मध्ये आयपी वेगळा झाला. पत्ता इंटरफेसचा आणि पोर्ट त्यामागील सेवेचा, ही आज स्वयंसिद्ध भासणारी विभागणी त्यातून पक्की झाली.

सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी यांची विवरणे पोस्टेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याकडून आलेले शक्य तितके समजून घ्यावे, हे त्यांचे तत्त्व अभियंत्यांमध्ये त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सदोष कार्यक्रमांना त्यामुळे अभय मिळते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो निराधार नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने हे प्रोटोकॉल स्वीकारले. त्या संक्रमणाची योजनाही पोस्टेल यांनीच लिहिली होती. त्याच वर्षी बर्कली येथून आलेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत हे प्रोटोकॉल आणि इंटरफेसला पत्ता देणारी 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा होती. जाळ्याचे पोटविभाग पाडणाऱ्या नेटमास्कचे १९८५ मधील विवरण जेफ्री मोगल व पोस्टेल यांचे आहे. संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी १२७ ने सुरू होणारे पत्ते १९८६ च्या यादीत अधिकृतपणे नोंदले गेले. नवा इंटरफेस मांडल्यावर १२७.०.०.१ या पत्त्यावर 'पिंग' करून पाहणाऱ्याने अशा रीतीने पोस्टेल यांच्या दोन कामांचा उपयोग केलेला असतो. कारण पिंगची हाक आणि तिचे उत्तर आयसीएमपीच्या १९८१ मधील विवरणात आहे.

डोमेन नावे आणि १९९८ चा वाद

डोमेन नावांची पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. ते काम त्यांच्यावर पोस्टेल यांनी सोपवले होते. देशांच्या डोमेनसाठी पोस्टेल यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची देशसंकेतांची तयार यादी घेतली. देश कोणाला म्हणावे, हा निवाडा त्यामुळे त्यांना करावा लागला नाही. भारताचे 'डॉट इन' १९८९ मध्ये नोंदले गेले आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ते अनेक वर्षे सांभाळले.

नव्वदच्या दशकात नावांना बाजारभाव आला. मूळ नामसूची नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीच्या सर्व्हरवरून इतरत्र जात असे. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी इतर बारांपैकी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना ती सूची आपल्या संस्थेच्या सर्व्हरवरून घेण्यास सांगितले आणि त्यांनी ते मानले. सामान्य वापरकर्त्याला काही जाणवले नाही, पण अमेरिकी शासन खडबडून जागे झाले. शासनाचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हरकत घेताच पोस्टेल यांनी ही केवळ चाचणी असल्याचे सांगून पूर्वीची व्यवस्था परत आणली. ती चाचणी होती की आव्हान, याविषयी मतभेद आहेत. ज्या अधिकाराला लेखी आधार फारसा नव्हता, तो चालकांच्या विश्वासावर किती भक्कम उभा होता आणि एकाच माणसाच्या शब्दावर किती अवलंबून होता, हे मात्र या घटनेने उघड केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हे काम पाहण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या रचनेत पोस्टेल यांचा मोठा वाटा होता.

मृत्यू

आयकॅनच्या स्थापनेनंतर काही आठवड्यांतच, हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे निधन झाले. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर दिला. मालिकेचे संपादन पुढे रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी चालवले.