एडगर फ्रँक कॉड
एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, इ.स. १९२३ – १८ एप्रिल, इ.स. २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ आणि रिलेशनल डेटाबेसचे जनक होते. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. आयबीएममध्ये कार्यरत असताना १९७० मध्ये त्यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. त्यामुळे साठवणुकीची अंतर्गत रचना बदलली, तरी आज्ञावली नव्याने लिहिण्याची गरज उरली नाही. आयएमएस या जुन्या उत्पादनातून उत्पन्न मिळत असल्याने आयबीएमने ही पद्धत बाजारात आणण्यास विलंब केला. १९७९ मध्ये ओरॅकलने तिच्यावर आधारित डेटाबेस विक्रीस आणला. आयबीएमचा १९८१ मध्ये आला. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. वेब उपयोजनांसाठी निवडले जाणारे मायएसक्यूएल व पोस्टग्रेस याच पद्धतीवर आधारलेले आहेत.