सॅमन माशांचे पालक : लिव्हिंग्स्टन स्टोन

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, ओहोळ दुथडी भरून वाहू लागले, की आमच्या कोंकण-गोमंतकात चढणीचे मासे धरण्यासाठी आबालवृद्धांची झुंबड उडते. शेताच्या बांधावरून, पाटातून, खडकांच्या फटींतून पाण्याच्या उलट दिशेने उड्या घेत जाणारा तो मासा अंडी घालण्यासाठी निघालेला असतो, हे काठावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते. परंतु त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर असते ते रात्रीचे हुमण. पुढल्या वर्षीच्या माशांचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. आम्हीही बालपणी या मौजेत सामील झालो आहोत, तेव्हा इतरांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र अशाच चढणीच्या माशांसाठी आपले अवघे आयुष्य वेचणारा एक पुरुष गेल्या शतकाच्या मागल्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

लिव्हिंग्स्टन स्टोन यांचा जन्म १८३६ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानातील केंब्रिज या गावी झाला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी त्यांनी १८५७ मध्ये संपादन केली आणि नंतर धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते न्यू हॅम्पशायरमधील चार्ल्सटाउन येथे धर्मोपदेशक झाले. जीवशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. प्रकृती साथ देईना, मोकळ्या हवेत राहणे आवश्यक ठरले, म्हणून त्यांनी झऱ्याच्या थंड पाण्यावर तळी बांधून ट्राउट नावाचे मासे पाळण्यास आरंभ केला. विरंगुळा म्हणून हाती घेतलेल्या या उद्योगाने त्यांना पुरते वेड लावले. १८७० साली अमेरिकेतील मत्स्यसंवर्धकांची पहिली संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत स्टोन होते. ट्राउटच्या संवर्धनावरील त्यांचा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यासपीठावरून उपदेश करणारा हा गृहस्थ आता पाण्यात उभा राहून शिकू लागला होता.

सॅमन माशाची जीवनकथा मोठी विलक्षण आहे. नदीच्या उगमाकडील थंड, स्वच्छ पाण्यात, वाळू-खड्यांच्या तळाशी त्याचा जन्म होतो. थोडा मोठा होताच तो समुद्राकडे जातो, तेथे काही वर्षे वाढतो आणि शेवटी ज्या नदीत जन्म झाला तीच नदी शोधीत परत येतो. पॅसिफिक किनाऱ्यावरील चिनूक जातीचा सॅमन गोड्या पाण्यात शिरल्यावर अन्न घेणे सोडतो, शेकडो मैल चढून जातो, अंडी घालतो आणि प्राण सोडतो. अशा माशाची वाट एकदा अडविली की त्याचा वंशच तुटतो. न्यू इंग्लंड प्रांतात नेमके हेच घडले होते. गिरण्यांसाठी नद्यांवर बांध उभे राहिले, पाण्यात घाण मिसळली आणि कनेक्टिकटसारख्या नद्यांतून सॅमन नाहीसा झाला. देशातील मासळी का घटत आहे, याचा तपास करण्यासाठी १८७१ मध्ये अमेरिकन सरकारने मत्स्यव्यवसाय आयोग नेमला आणि त्याची सूत्रे स्पेन्सर बेअर्ड या विख्यात निसर्गशास्त्रज्ञाकडे दिली. पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅमनची अंडी आणून पूर्वेकडील नद्या पुन्हा भराव्यात, अशी योजना ठरली आणि या कामासाठी बेअर्ड यांनी १८७२ मध्ये स्टोन यांची निवड केली.

स्टोन कॅलिफोर्नियात पोहोचले खरे. पण सॅमन अंडी कोठे घालतो हेच कोणी निश्चित सांगू शकेना. बाजारात मासा मुबलक होता, परंतु तो जन्मतो कोठे याची विचारपूस करण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. अखेर रेल्वेच्या एका अभियंत्याकडून दिशा कळली. सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यातील मॅक्लाउड नदीत तेथील आदिवासी अंडी घालण्यास आलेले सॅमन भाल्याने मारतात, असे त्याने सांगितले. शास्ता पर्वताच्या परिसरातील झऱ्यांचे बर्फासारखे थंड पाणी या नदीत येते. तिच्या काठी स्टोन यांनी दोन सोबत्यांसह तळ ठोकला. संघराज्य सरकारचे सॅमनच्या अंड्यांचे ते पहिले केंद्र होय. पुढे त्याला बेअर्ड यांचेच नाव मिळाले. पहिल्या वर्षी हंगाम सरत आला होता. कशीबशी सुमारे ५०,००० अंडी हाती आली, उष्म्याने त्यांतील बरीच नासली, ३०,००० च्या आसपास पूर्वेकडे रवाना झाली आणि त्यांतून जगलेली मूठभर पिले सस्क्वेहाना नदीत सोडण्यात आली. दुसरा कोणी असता तर त्याने या हिशेबावर काम गुंडाळले असते. स्टोन यांनी पुढल्या वर्षाची सिद्धता सुरू केली.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. मॅक्लाउडचा काठ निर्जन नव्हता. विंटू लोकांचे तेथे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य होते आणि सॅमन हे त्यांचे अन्नच नव्हे, तर दैवत होते. परक्यांनी येऊन नदीतून मासे काढावेत हे त्यांना रुचले नाही आणि त्यांनी आरंभी विरोध केला. स्टोन यांनी अंडी काढून घेतल्यावर मासे विंटूंना देण्याचा प्रघात पाडला, त्यांना केंद्रावर कामास ठेवले, त्यांच्या भाषेतील शब्दांचा संग्रह केला आणि आपल्या सरकारी अहवालांतून त्यांच्याविषयी सहानुभूतीने लिहिले. त्या काळी सभोवतालचे गोरे वसाहतवाले आदिवासींना माणसांत गणीत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे स्टोन यांचे वेगळेपण दिसते. तरीही विंटूंची नदी सरकारच्या ताब्यात गेली ती गेलीच. सज्जन माणसाच्या हातूनही परक्याच्या घरात शिरल्याचा दोष घडतो, हे या चरित्रातील कटु सत्य आहे.

केंद्रावरील काम बाहेरून दिसावयास सोपे, पण अंगमेहनतीचे आणि जागरणाचे होते. जाळ्याने धरलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून तिची गाभोळी भांड्यात घ्यावयाची, तिच्यावर नराचे दुधासारखे वीर्य सोडावयाचे, दोन्ही मिसळून मग पाणी घालावयाचे आणि ती अंडी वाहत्या थंड पाण्यातील जाळीच्या तबकांवर पसरावयाची. एका मादीपासून चार-पाच हजार अंडी मिळतात. मेलेल्या अंड्यावर बुरशी चढते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांना ग्रासते. म्हणून मृत अंडी रोजच्या रोज एकेक करून वेचून काढावी लागतात. काही आठवड्यांनी अंड्याच्या कवचाआड दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते गर्भाचे डोळे. या अवस्थेत अंडे प्रवास सोसते. मग ओल्या शेवाळाच्या थरांत अंडी रचून, पेट्यांभोवती बर्फ घालून ती आगगाडीने हजारो मैल पाठविली जात. १८७३ साली सुमारे वीस लाख अंडी मिळाली; १८७५ साली ही संख्या ऐंशी लाखांच्या पुढे गेली.

१८७३ च्या जून महिन्यात स्टोन यांच्यावर प्राणसंकट ओढवले. पूर्वेकडील नाना जातींचे मासे, शेवंड आदी जलचर पाण्याच्या टाक्यांत भरून एका खास डब्यातून ते कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरील पूल आगगाडीच्या भाराने कोसळला आणि तो डबा नदीत पडला. टाक्या, बर्फ आणि पाणी यांच्या कल्लोळातून स्टोन व त्यांचे साहाय्यक कसेबसे बाहेर आले. महिनोन्‌महिन्यांचे श्रम क्षणार्धात पाण्यात गेले आणि पॅसिफिकसाठी निघालेले मासे एल्कहॉर्नमध्ये मोकळे झाले. सरकारला वार्ता कळवून स्टोन परत फिरले ते विश्रांतीसाठी नव्हे. त्याच महिन्यात शॅड जातीची इवली पिले घेऊन ते पुन्हा त्याच मार्गाने निघाले. रात्रंदिवस टाक्यांतील पाणी बदलीत त्यांनी जुलैच्या आरंभी सुमारे ३५,००० पिले सॅक्रामेंटो नदीत जिवंत सोडली.

इतक्या खटाटोपाचे फळ काय मिळाले? चरित्रकाराने येथे प्रांजळ असावयास हवे. मॅक्लाउडची अंडी अमेरिकेच्या अनेक संस्थानांत गेली, युरोपात गेली. पण अटलांटिकच्या नद्यांत चिनूक सॅमन रुजला नाही. न्यूझीलंडला १८७५ पासून पाठविलेली अंडीही प्रथम वाया गेली. मात्र १९०१ ते १९०७ या काळात बेअर्ड केंद्रातून पुन्हा अंडी गेली आणि तेथील दक्षिण बेटाच्या नद्यांत सॅमनचा वंश सुरू झाला. याउलट १८७९ मध्ये स्टोन यांनी न्यू जर्सीहून आणलेले पट्टेरी बास जातीचे जेमतेम १३२ मासे कॅलिफोर्नियाच्या खाडीत सोडले, ते असे फोफावले की वीस वर्षांत बाजार भरून गेले. आज अभ्यासक सांगतात, की हाच बास सॅमनची पिले खातो. एका ठिकाणचा जीव उचलून दुसऱ्या ठिकाणी नेताना काय घडेल, याचे गणित त्या काळी कोणी मांडले नव्हते.

आपत्तीही पाठ सोडीत नव्हत्या. १८८१ च्या हिवाळी महापुराने केंद्राच्या इमारती वाहून नेल्या. स्टोन यांनी त्या पुन्हा उभारल्या. पुढे सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात लोहमार्गासाठी सुरुंग लावण्यात आले, दगडमाती नदीत लोटली गेली, मासा वर येईनासा झाला. १८८४ पासून काही वर्षे अंडी घेण्याचे काम बंद ठेवावे लागले. नदी सुखरूप नसेल तर अंडी उबविण्याची सारी विद्या निष्फळ आहे, ही जाणीव स्टोन यांच्या मनात याच अनुभवांनी पक्की केली, असे आम्हांस वाटते.

कारण यानंतर त्यांच्या विचाराला नवीन वळण लागले. १८८९ मध्ये ते अलास्कातील सॅमनची पाहणी करण्यास गेले. मासे डबाबंद करण्याचे कारखाने तेथेही पोहोचले होते. रानगव्यांचे कळप जसे माणसाने डोळ्यांदेखत संपविले, तसाच सॅमनही संपेल, हे त्यांनी ओळखले. १८९२ साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे निबंध वाचून त्यांनी मागणी केली, की एक तरी प्रदेश सॅमनसाठी राखून ठेवावा, जेथे गिरणी, बांध वा जाळे यांचा उपद्रव होणार नाही. सर्व आयुष्य अंडी उबविण्यात घालविलेल्या माणसाने केवळ अंडी उबवून भागणार नाही असे सांगावे, यात त्यांचा मोठेपणा आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी अलास्कातील अफोग्नाक बेट वन व मत्स्यसंवर्धनासाठी राखीव केले.

१९१२ साली स्टोन यांचे देहावसान झाले. त्यांचे केंद्र आज पाहावयास मिळत नाही. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणाच्या जलाशयाखाली ते बुडाले, विंटूंची गावे व पवित्र स्थानेही बुडाली आणि सॅमनची मॅक्लाउडकडे जाणारी वाट कायमची बंद झाली. हिवाळ्यात चढणारा चिनूक तर केवळ त्या थंड पाण्यावरच वाढणारा. १९६९ मध्ये लाखाच्या वर असणारी त्याची संख्या १९९१ मध्ये दोनशेच्या आसपास उरली. तेव्हा या वंशाच्या रक्षणासाठी १९९७ मध्ये धरणाच्या पायथ्याशी सरकारी केंद्र उभारण्यात आले आणि त्याला लिव्हिंग्स्टन स्टोन यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या काळी अंड्यांची संख्या मोजली जाई. येथे वंशाची शुद्धता जपली जाते. मोजके रानटी मासे धरून, त्यांची परीक्षा करून, नात्याचे नरमादी एकत्र येणार नाहीत अशी दक्षता घेऊन पिले वाढविली जातात व खुणा करून नदीत सोडली जातात. २०१४ व २०१५ च्या अवर्षणात नदीचे पाणी तापून तेथील बहुतेक अंडी व पिले नष्ट झाली, तेव्हा या केंद्रानेच वंश तगवून धरला.

विनेमेम विंटू लोकांची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. आपल्या नदीचे मासे न्यूझीलंडात जिवंत आहेत हे कळल्यावर २०१० साली ते तेथवर गेले आणि नदीकाठी त्यांनी माशांची क्षमा मागणारा विधी केला. २०२२ च्या उन्हाळ्यात शासकीय जीवशास्त्रज्ञ आणि विंटू यांनी मिळून सॅमनची सुमारे ४०,००० अंडी मॅक्लाउडच्या थंड पाण्यात ठेवली. धरण झाल्यानंतर प्रथमच त्या नदीत हिवाळी चिनूकची पिले पोहू लागली. ज्या दोन पक्षांची भेट १८७२ मध्ये संशयाने झाली होती, ते दीडशे वर्षांनी एकाच कामासाठी पाण्यात उतरले.

विद्यार्थिमित्रांनो, स्टोन यांच्या हातून चुका झाल्या, त्यांचे अनेक प्रयत्न फसले. परंतु अनुभवाने जे शिकविले ते मान्य करण्यास त्यांनी कधी संकोच केला नाही. आम्हांस त्यांच्या चरित्रातून लाभलेला बोध हाच. येत्या पावसाळ्यात ओहोळावर चढणीचे मासे पाहावयास अवश्य जा. त्यांतील एखादी गाभोळीने भरलेली मादी टोपलीत आली तर क्षणभर थांबा आणि तिला वरच्या अंगाला सोडून द्या. तुमच्या ताटात एक मासा कमी येईल, पण ओहोळाचा वंश पुढे चालेल.