शाहीर पठ्ठे बापूराव आणि पायातले चाळ



आज आपण लावणीसम्राट शाहीर पठ्ठे बापूराव यांची माहिती बघणार आहोत. पण सुरुवात मी बापूरावांपासून करणार नाही, हातमोज्यांपासून करणार आहे.

परवा आमच्या वर्गात एका मुलानं मोबाईलवर पाहिलेली गंमत सांगितली. इमोजन हीप नावाची एक इंग्रज गायिका हातात खास मोजे घालते आणि नुसते हात हलवून संगीत काढते. बोट वाकवलं की एक आवाज, मनगट फिरवलं की दुसरा. मोज्यांत सेन्सर असतात, ते हाताची हालचाल संगणकाला कळवतात आणि संगणक तिचं संगीत करतो. पोरगं विचारत होतं, की अंगात घालायचं असं वाद्य आपल्याकडं का नाही?

मी काही बोललो नाही. गॅदरिंगच्या पेटीतून घुंगरू काढले आणि त्याच्याच पायात बांधले. आधी नुसती टाच टेकव म्हटलं, मग चवडा, मग सगळा तळपाय आपट. तीन वेळा तीन वेगळे आवाज आले. नंतर पाय जागेवर ठेवून फक्त पोटरी थरथरव म्हटलं, तर बारीक पाऊस पडल्यासारखी सर आली. सगळा वर्ग गप्प!

यात सेन्सर नाही, सेल नाही. पितळेचा पोकळ गोळा, त्याला खाली चीर आणि आत एक लोखंडी गोळी. अंग हललं की गोळी आतून आपटते. असे शंभर-दोनशे घुंगरू एकत्र ओवून घोट्यापासून वर पोटरीपर्यंत गुंडाळले की त्याला तमाशातली माणसं चाळ म्हणतात. (मुंबईतली भाड्यानं राहायची ती चाळ वेगळी, निबंधात गोंधळ करू नका!) त्यांचं वजन किलोंत भरतं. एवढं ओझं पायात घेऊन रात्रभर नाचायचं, आणि एकही ठोका चुकवायचा नाही.

आता बापूरावांकडं येऊ. कारण त्यांचं सगळं आयुष्य या चाळांच्या आवाजामागं गेलं.

त्यांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 11 नोव्हेंबर 1866. गाव कृष्णाकाठचं रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, सगळा सातारा जिल्हा. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं कुठल्या पुस्तकात ते साताऱ्याचे असं वाचलंत तर ती चूक समजू नका. आम्ही दोन्ही जिल्ह्यांची माणसं त्यांना आपलाच म्हणतो.

घर ब्राह्मणाचं, गावचं कुलकर्णीपण घरात. म्हणजे दप्तर, हिशेब, मानपान सगळं. लहानगा श्रीधर मात्र पहाटे उठून बायकांची जात्यावरची गाणी ऐकायचा आणि त्या चालींवर स्वतःचे शब्द बसवायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जात्यावर बाई दळते तेव्हा खुंटा फिरतो, जात्याची घरघर होते आणि हातातल्या बांगड्या त्याच लयीत किणकिणतात. म्हणजे अंगाच्या कष्टातून निघणारं संगीत या मुलाच्या कानात अगदी लहानपणीच शिरलं. पुढं शिक्षणासाठी तो साताऱ्याकडच्या औंधला गेला, थोडं इंग्रजीही शिकला. पण कान तमाशाकडंच.

गावी परतल्यावर कुलकर्णीपण सांभाळायचं होतं. दिवसा दप्तर, रात्री फड. हळूहळू ते फडांना लावण्या लिहून देऊ लागले आणि एक दिवस स्वतःच फडात उभे राहिले. त्या काळी तमाशा करणारी बहुतेक मंडळी महार-मांग समाजाची. कुलकर्ण्यानं त्यांच्यात उठबस करायची, त्यांच्या हातचं खायचं म्हणजे केवढा गहजब! जातीनं त्यांना दूर लोटलं. घर आणि वतन मागं राहिलं, आणि श्रीधर कुलकर्णीचा पठ्ठे बापूराव झाला.

मग त्यांच्या आयुष्यात पवळा आली. पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. तोपर्यंत तमाशात बायकांचं काम बहुतेक नाच्या पोऱ्या करायचा, म्हणजे साडी नेसलेला मुलगा. तमाशाच्या बोर्डावर नाव कमावलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचंच नाव घेतात. बापूरावांची लेखणी आणि पवळाचे पाय अशी ही जोडी जमली. मुंबईपर्यंत त्यांचं नाव गाजलं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांपुढं त्यांनी मिठाराणीचा वग केला.

इथं जरा थांबून लावणी कशी चालते ते समजून घ्या. गाणारा ओळ म्हणतो. मागचे सुरते शेवटचा शब्द उचलून जी जी करत लांबवतात. ढोलकीवाला तोडा टाकतो, आणि त्या तोड्याला उत्तर द्यायचं ते चाळांनी. ढोलकीनं विचारायचं, पायानं सांगायचं. तेव्हा लाउडस्पीकर नव्हते. मशालींच्या उजेडात लांब बसलेल्या माणसाला नाचणारीचा चेहरा नीट दिसला नाही तरी चाळ ऐकू जायचे. म्हणून बापूरावांची ओळ वाचताना मध्येच तुटल्यासारखी वाटली, तर समजा तिथं पायासाठी जागा सोडलेली आहे. शब्दांनी तिथं मुद्दाम गप्प बसायचं असतं. हे माझं मत, पण कुठलीही लावणी ऐकून पडताळून बघा.

दोघांची जोडी शेवटपर्यंत टिकली नाही. ताटातूट झाली, फड मोडला. पवळा 1939 मध्ये गेली. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात अतिशय गरिबीत गेले आणि 22 डिसेंबर 1945 ला त्यांचं निधन झालं. ज्यांच्या लावण्यांवर कितीतरी फडांची पोटं भरली, त्यांच्यावर ही वेळ यावी! मला याचा अजून राग येतो.

त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या असं म्हणतात. त्यातल्या सापडतात त्या फार थोड्या, त्याही छापलेल्या पुस्तकांत. गण, गौळण, लावणी, वग, सगळं तिथं ओळीनं वाचायला मिळतं. पवळाचं उत्तर मात्र त्या पानांवर नाही. ते कागदावर उतरवता येत नव्हतं.

शिक्षक बंधू-भगिनींनो, वर्गात शिकवायला त्यांचा एखादा गण घ्या, तो लहान मुलांसाठी योग्य आहे. तो फळ्यावर लिहा. एकानं म्हणायचा, दोघांनी जी जी करायचं, एकानं बाकावर ठेका धरायचा आणि एकाच्या पायात घुंगरू बांधायचे. आमच्याकडं पहिल्या दोन खेपेला पायवाला शब्दांच्या अंगावरच नाचत होता. तिसऱ्या खेपेला तो ओळ संपेपर्यंत थांबला, आणि मग वाजला.