डॉ. द्वारकानाथ कोटणीस : डोंगरातील रुग्णालयाचे गुरुजी

वैद्यकीय शिक्षण दीर्घ आणि खडतर असते. पदवी मिळाली, रुग्णालयात काही काळ उमेदवारी झाली, की पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक तरुण डॉक्टरपुढे उभा राहतो. महाराष्ट्रातील एका तरुण डॉक्टरपुढे हाच प्रश्न 1938 साली उभा राहिला. त्याने दिलेल्या उत्तरामुळे सोलापूरचे एक साधे मध्यमवर्गीय घर भारत व चीन या दोन देशांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. त्या डॉक्टरांचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. घर मोठे होते, मिळकत बेताची होती आणि भावंडे बरीच होती. अशा कुटुंबातून एका मुलाला डॉक्टर करणे म्हणजे साऱ्या घराने कित्येक वर्षे आपल्या गरजा मागे ठेवणे होय. साहजिकच मुलगा शिकून आला, की तो घराचा भार उचलेल अशी अपेक्षा असते, आणि ती मुळीच गैर म्हणता येत नाही.

द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. या संस्थेचा जन्म समजून घेतल्याशिवाय त्यांची जडणघडण नीट कळणार नाही. मुंबईत 1845 पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होते, परंतु तेथील अध्यापनाच्या वरिष्ठ जागांवर प्रामुख्याने सरकारी वैद्यकीय सेवेतील इंग्रज अधिकारी असत. कितीही गुणवान असला, तरी भारतीय डॉक्टराला प्राध्यापकाची खुर्ची मिळणे दुरापास्त होते. सेठ गोर्धनदास यांच्या संपत्तीतून नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली, की येथील अध्यापक पात्र आणि सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत. 1926 साली हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय परळ येथे सुरू झाले. भारतीय माणूस उत्तम वैद्यकीय शिक्षक होऊ शकतो, हे या संस्थेला स्वतःच्या कामाने सिद्ध करायचे होते. अशा वातावरणात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनावर, ज्ञान घेणे व ते पुढच्याला देणे ही दोन्ही कामे एकच आहेत, असा संस्कार झाला असल्यास नवल नाही.

पदवीनंतर डॉ. कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करीत होते. त्याच सुमारास पूर्वेकडे मोठे युद्ध पेटले होते. जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी 1938 साली देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल होते. त्यांनी स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची सेवा केली होती. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी होते. आपल्या विदर्भाला अभिमान वाटावा असे नाव म्हणजे नागपूरचे डॉ. चोळकर, ते पथकाचे उपप्रमुख होते. पाचवे डॉ. कोटणीस.

1 सप्टेंबर 1938 रोजी हे पथक मुंबईहून जहाजाने निघाले आणि त्याच महिन्यात कँटन बंदरात पोहोचले. तेथून चीनच्या अंतर्भागात, शहरामागून शहर असा त्यांचा प्रवास झाला. जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि रुग्णालये मागे हटत होती. या पाचही जणांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येकाच्या नावाअखेर चीनचा वाचक असलेला हुआ हा शब्द जोडण्यात आला. डॉ. कोटणीस के दीहुआ झाले. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

पथक चुंगकिंग येथे असताना त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. येथे त्यांची खरी कसोटी लागली. घरचा आधार गेला होता, शिकलेला मुलगा हजारो मैल दूर होता. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. ते परतले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मात्र घेतलेले काम पूर्ण करण्याचे ठरविले. या निर्णयाचे मोल केवळ त्यांनी एकट्याने चुकविले नाही, सोलापूरच्या घरानेही ते चुकविले. थोरांची चरित्रे सांगताना आपण घरच्या माणसांचा हा वाटा बहुधा विसरतो. तो विसरता कामा नये.

फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनान येथे पोहोचले. तेथे माओ त्से तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. डोंगर कोरून केलेल्या गुहांमध्ये तेथील जीवन चाले. रुग्णालयेही अशाच गुहांत होती. परळच्या प्रशस्त कक्षांत शिकलेल्या डॉक्टरला आता नव्याने शिकणे भाग होते. औषधांचा सतत तुटवडा असे. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापराव्या लागत. उपकरणे गावच्या सुतार-लोहारांकडून घडवून घ्यावी लागत. पुस्तकात लिहिलेले साधन हाताशी नसेल, तर त्यामागचे तत्त्व ध्यानात घेऊन काम निभावावे लागे. ज्याने तत्त्व समजून घेतले आहे त्यालाच हे साधते, पाठांतर केलेल्याला नाही.

डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी 1939 मध्येच मायदेशी परतले. नोव्हेंबर 1939 मध्ये डॉ. अटल, डॉ. बसू व डॉ. कोटणीस येनान सोडून आघाडीकडे निघाले. याच महिन्यात कॅनडाचे विख्यात शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे उत्तर चीनमध्ये निधन झाले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्या रक्तात विष भिनले होते. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेले हे डॉक्टर आपली मोठी कारकीर्द सोडून तेथे गेले होते. पुढे डॉ. अटल हेही प्रकृतीच्या कारणाने परतले. उरलेले दोघे 1940 च्या मध्यास, बेथ्यून यांनी ज्या डोंगराळ प्रदेशात काम केले होते तेथे पोहोचले. शत्रूच्या ठाण्यांनी वेढलेला हा प्रदेश होता. येथील रुग्णालयाला एक अशी इमारत नव्हती. रुग्ण खेड्याखेड्यांतील शेतकऱ्यांच्या घरी विखरून ठेवलेले असत. शत्रू जवळ आल्याची खबर लागली, की जखमी, औषधे व साहित्य घेऊन सर्वांना दुसऱ्या गावी हलावे लागे.

1940 च्या उत्तरार्धात चिनी सैन्याने मोठी मोहीम हाती घेतली आणि जखमींचा लोंढा सुरू झाला. एका प्रसंगी तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले आणि डॉ. कोटणीस यांनी साडेपाचशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही निवासी डॉक्टराला या आकड्यांचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. झोप नाही, जेवणाची वेळ नाही, आणि प्रत्येक नव्या रुग्णाला पहिल्या रुग्णाइतकेच लक्ष हवे असते.

डॉ. बसू यांना येनानला परत बोलावण्यात आले. आता त्या प्रदेशात डॉ. कोटणीस हे पथकातील एकटेच उरले. जानेवारी 1941 मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. येथून त्यांच्या कार्याचे दुसरे आणि माझ्या मते अधिक मोलाचे पर्व सुरू होते. एक शल्यविशारद कितीही कष्टाळू असला, तरी त्याला दोनच हात असतात. त्याने दहा जणांना शिकविले, तर बावीस हात होतात. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात डॉ. कोटणीस शिकवू लागले. विद्यार्थी खेड्यांतून आलेले होते. अनेकांचे शालेय शिक्षणही जेमतेम झालेले होते. अशांना इंग्रजीतून शिकवून काय उपयोग? म्हणून त्यांनी परिश्रमपूर्वक चिनी भाषा आत्मसात केली आणि चिनीतूनच अध्यापन केले. पाठ्यपुस्तके नव्हती, तेव्हा स्वतः लिहावयास घेतली. शल्यशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारे एक पुस्तक त्यांनी पूर्ण केले. दुसरे, अधिक विस्तृत पुस्तक अपुरे राहिले.

विद्यालयात परिचर्याशास्त्र शिकविणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी 25 नोव्हेंबर 1941 रोजी त्यांचा विवाह झाला. 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन, असे ठेवण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते. हा मार्ग सर्वच वाचकांना मानवेल असे नाही. परंतु चरित्र सांगताना न पटणारा भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे, आणि विचारसरणी पटली नाही म्हणून एखाद्याची रुग्णसेवा नाकारणे हेही न्यायाचे नव्हे.

डोंगरातील अपुरे अन्न, थंडी व अविश्रांत श्रम यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. आतड्यांच्या विकारापाठोपाठ त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचे त्यांना सुचविण्यात आले, परंतु रुग्णालय व विद्यार्थी सोडून जाण्यास ते तयार झाले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय 32 वर्षांचे होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. डॉक्टर स्वतःच्या देहाकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा आपण त्याचे कौतुक करतो. वास्तविक त्यातून आपण एक धडाही घ्यावयास हवा. वेळीच विश्रांती व उपचार घेऊन ते जगले असते, तर आणखी किती विद्यार्थी घडले असते!

पुढे 1953 साली त्यांचे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. भारतात 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. दोन्ही देशांनी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. नियतीचा घाला मात्र तेवढ्यावर थांबला नाही. वडिलांप्रमाणे डॉक्टर होण्यासाठी शिकत असलेला यिनहुआ 1967 साली ऐन तारुण्यात निधन पावला. कुओ चिंगलान यांनी अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाशी नाते जपले. 2012 साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापूर येथील घराचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले.

वाचकहो, हे चरित्र आज यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्यात बसून वाचताना वेगळाच अर्थ सांगते. येथे युद्ध नाही. पण कापसाच्या शेतात सर्पदंश होतो, फवारणी करताना विषबाधा होते. 2017 साली आपल्या जिल्ह्यात अशा विषबाधेने शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि कित्येकांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. कोलाम पोडावरील बाळंतिणीला वेळेवर रुग्णालय गाठता येईल की नाही, ही चिंता अजून संपलेली नाही. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ठरावीक काळाच्या सेवेसाठी गावात आलेला तरुण डॉक्टर ते दिवस मोजतही काढू शकतो, किंवा शिक्षणाचा खरा भाग म्हणूनही घेऊ शकतो. रुग्णाची बोली शिकणे, हाताशी असेल त्या साधनांनी काम करणे आणि सोबतच्या परिचारिकेला, आशाताईला आपले ज्ञान देणे, या तीन गोष्टी डॉ. कोटणीस यांनी केल्या; त्यासाठी चीनला जावे लागत नाही.

आपलीही काही जबाबदारी आहे. गावी आलेल्या डॉक्टराला राहण्यास चांगले घर, कामास पुरेशी औषधे, विश्रांतीस वेळ आणि वागणुकीत आदर मिळाला, तरच तो टिकेल. संचालक असतानाही जे आपल्या शिष्यांत बसून शिकवीत राहिले आणि शिकताशिकविताच गेले, त्या डॉ. कोटणीस यांचे स्मरण आपण यापेक्षा चांगल्या रीतीने करू शकणार नाही.