चिमूरची नागपंचमी आणि राष्ट्रसंतांची प्रार्थना

आज श्रावण शुद्ध पंचमी. घरोघरी पाटावर हळद-चंदनाने नागदेवता रेखिल्या जातील, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला जाईल. आज शेतकरी शेतात नांगर घालीत नाही, गृहिणी विळी चालवीत नाही, चुलीवर तवा ठेवीत नाही. भूमीच्या पोटातील लहानशा जिवालाही आज आपल्या हातून इजा होऊ नये, हा त्यामागील भाव. अशाच एका नागपंचमीला, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर गावी माणसांचे रक्त सांडले. त्या प्रसंगाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे स्मरण आजच्या दिवशी करणे आम्हांस उचित वाटते.

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरी अठराविसे दारिद्र्य. शाळेचे शिक्षण प्राथमिक वर्गांपलीकडे गेले नाही. परंतु वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या चरणी या बालकाला खरी शाळा लाभली. तुकड्या हे नाव त्याच गुरुकृपेचे. गुरूंनी देह ठेवला तेव्हा माणिक अजून लहानच होता. पोरक्या झालेल्या त्या मुलाने पुढे घर सोडले आणि अरण्याची वाट धरली.

रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदेडा ही त्यांच्या साधनेची स्थाने. यांतील गोंदेडा चिमूर तालुक्यात आहे. साग, मोह आणि बांबूच्या त्या वनात, जेथे दिवेलागणीनंतर वाघाच्या भयाने वाट थांबे, तेथे या तरुणाने देवाला आळविले. ती गुहा आज तपोभूमी म्हणून पूजिली जाते. त्या वेळची त्यांची प्रार्थना एकट्याची होती. भुकेला, पोरका जीव आपल्या देवाला हाक मारीत होता, एवढेच तिचे रूप होते.

पुढे खंजिरी हाती घेऊन महाराज लोकांत आले. १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले. भजनातून ते देवाबरोबर देशही गाऊ लागले. चिमूरच्या परिसरात तर त्यांची भजने मुलाबाळांच्या तोंडी होती.

मग ती नागपंचमी उजाडली. चिमूरात सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा तरुण धारातीर्थी पडला. लोकांचा क्षोभ अनावर झाला आणि त्यात काही सरकारी अधिकारी प्राणास मुकले. त्यानंतर गावात लष्कर शिरले. पुरुषांची धरपकड झाली, स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांना ६३ दिवसांचे उपोषण करावे लागले. खटले चालले, फाशीच्या शिक्षा फर्मावल्या गेल्या. पुढे १९४५ साली फाशीच्या कोठडीतील कैद्यांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या. परंतु तोवर किती घरांतील दिवे मंदावले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

या आगीची ठिणगी महाराजांच्या भजनांतून उडाली, अशी सरकारची समजूत होती. २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील कारागृहांत त्यांना ठेवण्यात आले. बाहेर आपली माणसे यातना भोगीत आहेत आणि आपण भिंतीआड आहोत, याहून मोठी कसोटी भक्ताला कोणती? अशा वेळी मनात द्वेष शिरतो, नाहीतर देवावरचा विश्वास ढळतो. महाराजांच्या बाबतीत दोन्ही घडले नाही. डिसेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांनी सूडाची भाषा केली नाही, किंवा पुन्हा गुहेतही जाऊन बसले नाहीत. १९४३ पासून श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे त्यांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजविण्याचे कार्य हाती घेतले.

ही प्रार्थना म्हणजे गोंदेड्याच्या एकाकी हाकेचे वाढलेले रूप होय, असे आम्हांस वाटते. पहाटे ध्यान, सायंकाळी प्रार्थना. समोर विशिष्ट मूर्ती नाही. एक साधे आसन, तेच अधिष्ठान. त्यापुढे सवर्ण आणि अस्पृश्य, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती एका ओळीत बसू शकतात. प्रार्थनेतून उठावे ते हातात झाडू घेऊन गाव स्वच्छ करण्यासाठी, ही तिची फलश्रुती. चिमूरपासून वैनगंगेपलीकडील, १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या गडचिरोलीच्या वनग्रामांपर्यंत ही प्रथा पोहोचली. १९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म परिषदेस गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होतीच. ग्रामगीता हा त्यांचा ग्रंथ याच काळातला.

अखेरची परीक्षा देहाची होती. कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८, आश्विन वद्य पंचमी, या दिवशी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. दरवर्षी त्याच क्षणी तेथे लक्षावधी लोक स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात.

संकट टळावे म्हणून आपण सर्वच देवापुढे हात जोडतो. त्यात वावगे काही नाही. परंतु संकट टळले नाही तर? महाराजांचे चरित्र याचे उत्तर देते. संकटाने त्यांची प्रार्थना संपली नाही, ती मोठी झाली. एका जिवाची होती ती साऱ्या गावाची झाली. आज नागदेवतेपुढे निरांजन ओवाळताना घरातील सर्वांनी, आणि जमल्यास शेजाऱ्यांनीही, घटकाभर एकत्र बसावे. ज्यांच्या घरी यंदा दुःख आले आहे त्यांना आवर्जून बोलवावे. चिमूरच्या हुतात्म्यांना आणि राष्ट्रसंतांना तीच खरी पुष्पांजली ठरेल.